असारव्याची वाव

आम्हा बडोदेकरांना अहमदाबाद नवं नाही. सकाळी जायचं, काम उरकून संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. गेल्या मे महिन्यात मात्र आम्ही तिथल्या असारव्यात सतरा दिवस राहिलो.

आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा, चार घोटांत ती दमायची. वजन चार किलोवर अडलेलं. "उन्हाळा आहे, होतं असं," घरातले म्हणायचे. इकोत कळलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे.

असारव्यात सिव्हिलच्या आवारात हृदयरोगाचं रुग्णालय आहे. सकाळी साडेआठला तिला आत नेलं. हृदयाचं काम यंत्रावर सोपवून छिद्रावर ठिगळ लावलं आणि दुपारी तिला आयसीयूत आणलं. छातीतून निचऱ्याची नळी, तोंडात श्वासाची नळी. श्वासाची नळी असली की रडण्याचा आवाज येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिचं तोंड वाकडं व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज नाही.

आत एका वेळी एकालाच सोडत, तेही थोडा वेळ. बायको दूध काढून द्यायची, ते मोजून नाकातल्या नळीने पोटात जायचं. मला काहीच काम नव्हतं. तिसऱ्या सकाळी चटईवरचे शेजारी, दाहोदचे एक काका, म्हणाले, "अहीं बेसीने शुं करशो, भाई? वाव जोई आवो."

वाव म्हणजे आपली बारव. दादा हरीची वाव रिक्षाने जवळच आहे. रस्त्यावरून नुसती एक घुमटी दिसते. तिच्याखालून पायऱ्या सुरू होतात आणि पाच मजले खोल जातात. प्रत्येक मजल्यावर नक्षीदार खांब. उतरू तसा हॉर्नचा आवाज कमी होतो, गारवा वाढतो. महमूद बेगड्याच्या काळात, 1499 साली, बाई हरीर हिने ही बांधली. भिंतीत संस्कृत आणि अरबी असे दोन शिलालेख आहेत. चारी दिशांनी येणाऱ्या तहानलेल्या माणसांसाठी, जनावरांसाठी, पाखरांसाठी हे पाणी आहे, असं संस्कृत लेखात म्हटलंय. मला आमचा व्हरांडा आठवला. कच्छ, दाहोद, पालनपूर, कुठून कुठून आलेली माणसं तिथे चटया टाकून बसली होती.

खालच्या मजल्यावर मोबाइलची रेंज गेली. छातीत धस्स झालं. धावतच वर आलो. कोणाचाही फोन आलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी श्वासाची नळी काढली. दार उघडलं तेव्हा आतून घोगरा, मांजराच्या पिलासारखा आवाज आला. आमचीच होती. दाहोदचे काका चटईवरून उठून उभे राहिले.

घरी सोडताना सिस्टरने उचलायला शिकवलं. सहा आठवडे काखेत हात घालायचे नाहीत, छातीचं हाड जुळायचं असतं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. त्या वेळी माझे हात थरथरत होते.

या फेब्रुवारीत तपासणीला गेलो तेव्हा तिला वावेवर नेलं. चौदा महिन्यांची, नुकती चालायला लागलेली; तिला एकटीला पायऱ्या उतरायच्या होत्या. मी उचललं, तेही जुन्या सवयीने, एक हात मानेखाली घालून. तिने आरडाओरडा करून वाव दणाणून सोडली.

एवढंच सांगतो. बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, लवकर दमत असेल, तर उन्हाळ्यावर ढकलू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा.