निजलेला द्वारपाल

गतवर्षीं पावसाळ्यांत मिरजेस एका सायंकाळीं वीज पांच वेळां गेली व आली. त्यानंतर आमच्या घरच्या संगणकजाळ्याचा द्वारपाल, अर्थात् फायरवॉल, उठेचना. दुसरे दिवशीं दहावीच्या मुलांचे अंतर्गत गुण पाठवावयाचे! संगणक थेट बाहेरच्या तारेस जोडावा, असा मोह झाला. परंतु परक्या लेंकरांचीं नांवें घेऊन उघड्या दारीं बसणें आम्हांस रुचेना.

पडदा जोडला. लिहितां लिहितां वीज गेल्यानें पीएफसेन्सच्या डिस्कवरील नोंदी विस्कटल्या होत्या. 'सिंगल यूजर' अवस्थेंत शिरून 'एफएससीके' ही आज्ञा दिली. एकदां देऊन भागलें नाहीं. तिसऱ्या खेपेस तक्रार थांबली. गुण वेळेवर गेले.

आतां तेथें जुनें पान न खोडतां नव्यावर लिहिणारी झेडएफएस ही पद्धति घातली आहे. शिवाय यूपीएस घेतला. तो खर्च आम्ही तीन वर्षें टाळीत होतों.