आजारी झाडाला ताण

माझे गाव पांढुर्णा. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून मध्य प्रदेशात वेगळा जिल्हा झाला. पण आमची बोली मराठी, बाजार नागपूरचा आणि मोठा दवाखानाही नागपूरचाच. असा एका सीमेवरचा मी, शिकायला आलो तो दुसऱ्या सीमेवर. इथल्या कानडी मित्रांनी मला पुष्कळ शब्द शिकवले. एक मात्र शिकावा लागला नाही. आपण यकृत म्हणतो, ते यकृत्तु म्हणतात. हा शब्द त्याआधीच आमच्या घरात शिरला होता.

सौंसरला माझ्या काकांचा संत्र्याचा बगिचा. तीन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, ते थकल्यासारखे दिसू लागले. नागपूरला तपासणी झाली. यकृत कठीण झालेले, म्हणजे सिरोसिस; आणि उजव्या भागात गाठ. गावात कुजबुज सुरू झाली, ‘घेत असतील चोरून.’ लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मलाही तसेच वाटले. काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. कारण निघाले हिपॅटायटिस बी, रक्तात वर्षानुवर्षे गुपचूप बसलेला विषाणू.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. गाठीसकट उजवा भाग काढायचा, तर मागे उरणारे यकृत पुरेसे हवे. निरोगी माणसाचे पाव हिश्श्यावरही भागते. सिरोसिस असेल तर सुमारे ४० टक्के उरावे लागते. काकांचा डावा भाग भरत होता ३० टक्के. म्हणून दोन टप्पे ठरले. आधी उजवीकडे जाणारी प्रवेशिका शिरेची फांदी बंद करायची, म्हणजे आतड्याकडून येणारे रक्त सारे डावीकडे वळेल आणि तो भाग वाढेल. दीड महिन्याने मोजायचे, मग कापायचे.

त्या दीड महिन्यात मी हाती लागेल ते वाचले. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला; आठ-दहा दिवसांत उरलेला भाग वाढून वजन जवळजवळ पूर्ववत झाले. शीर बंद करून वाट पाहण्याची रीत जपानच्या माकुउची यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. २००७ साली जर्मनीत रेगेन्सबुर्गला श्लिट यांनी शीर बांधण्याबरोबर यकृतही दुभागले. २०१२ साली अशा २५ रुग्णांचा वृत्तांत आला. नऊ दिवसांत उरणारा भाग ७४ टक्क्यांनी वाढला होता. पण तिघे दगावलेही होते.

मी हरखून काकांना हे सांगितले. ते म्हणाले, “म्हंजे छाटली फांदी का पुन्ना फुटते, तसंच ना?” मी म्हटले, नाही काका, कापलेली फांदी फुटत नाही, राहिलेल्या फांद्याच जाड होतात. मग पुढचे वाचले ते मात्र सांगवेना. उंदरांना आठवडेच्या आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड किंवा थायोअसिटामाइड देऊन सिरोसिस घडवतात आणि मग त्यांच्यावर हीच टप्प्यांची शस्त्रक्रिया करतात. यकृत तरीही वाढते. पण हळू आणि थोडे. पेशींना विभागायचे असते, पण भोवती व्रणाचे धागे आवळलेले असतात आणि रक्ताची वाट अरुंद झालेली असते. वाढीसाठी दिलेला धक्काच कधीकधी सोसत नाही.

दीड महिन्याने मोजले. ३० चे ३३ झाले होते. शस्त्रक्रिया रद्द झाली. परतताना गाडीत कोणी बोलेना. शेवटी काकाच बोलले, “मृगाच्या बहारासाठी आपण मे महिन्यात झाडाचं पानी तोडतो. ताण बसला का झाड फुलते. पन डिंक्या लागल्या झाडाले ताण द्यायचा नस्ते, बाबू. ते फुलत नाही, वाळते. डाक्टरनं वेळेवर हात आखडला, चांगलं केलं.”

मी इतके दिवस पुस्तकांत जे शोधत होतो, ते या माणसाला बगिच्यात ठाऊक होते.

दुसरे उपचार झाले. काकांनी आणखी दोन मृग बहार पाहिले. गेल्या पोळ्याच्या आधी ते गेले.

पण एक गोष्ट त्यांनी हट्टाने करून घेतली होती. घरातल्या प्रत्येकाचे रक्त तपासले. थोरल्या चुलतभावात तोच विषाणू निघाला. त्याचे यकृत अजून मऊ आहे आणि औषध चालू आहे. बाकी सर्वांनी लस घेतली, मीही. कुजबुजणाऱ्या शेजाऱ्यांनाही काकू आता हेच सांगते, “बाप्पा, रक्त तपासून घ्या.”

मराठीत काळीज म्हणजे हृदय आणि यकृतही. काकांचे एक काळीज कठीण झाले होते. दुसरे शेवटपर्यंत नाही.