कंग्राळीहून दर्यावर

आम्ही कंग्राळीची माणसे मार्कंडेय नदीच्या काठी वाढलो. ही नदी घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस आणि कृष्णा पूर्वसमुद्रास. आमच्या शिवारातील पाणी असे बंगालच्या उपसागराकडे वाहत जाते. परंतु शुक्रवारी आमच्या ताटात पडणारा मासा मात्र पश्चिम समुद्रातून घाट चढून येतो. तो धरतात तरी कसा, हे पाहावे म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्यास गेलो.

नदीवरचा गळ आम्हांस ठाऊक होता. काठावर बसावे आणि बूच बुडण्याची वाट पाहावी. दर्यावर रीत निराळी. तेथे होडी चालती ठेवून मागून गळाचा दोर ओढीत नेतात. चकाकते आमिष पाण्यातून पळू लागले की सुरमई त्यास तारली समजून झडप घालते.

उजाडण्यापूर्वीच होडी निघाली. वृद्ध तांडेलांनी दोन दोर सोडले. उजवा मोकळा, डावा शिशाचे लहान वजन लावलेला. दोन तास गेले, मासा लागेना. आम्ही उतावीळपणे म्हटले, "काका, होडी जरा जोरात हाका, पुष्कळ पाणी पालथे घालता येईल." पाहुण्यांचे मन मोडू नये म्हणून त्यांनी वेग वाढविला. दोन्ही दोर वर आले आणि आमिषे लाटांवर उड्या मारू लागली. तासाभराचे डिझेल व्यर्थ जळले. त्या दिवसाच्या कमाईवर त्यांचे घर चालावयाचे होते, हे ध्यानी येताच आम्ही ओशाळलो.

मग तांडेलांनी समजाविले. दहा वाव दोर सोडला म्हणून गळ दहा वाव खोल जात नाही. तो तिरपा ओढला जातो. वेग वाढला की गळ वर येतो, मंदावला की खाली जातो. दोराची लांबी, शिशाचे वजन आणि होडीचा वेग, या तिन्हींच्या मेळाने खोली साधते. "मासो तुमच्या दोरीकडे येवचो नाय, दोरी त्याच्याकडे जावक व्हयी," असे ते म्हणाले.

वेग उतरवून त्यांनी होडी डावीकडे वळविली. वळणात आतल्या बाजूचा दोर सैल पडून खाली बुडतो आणि बाहेरचा ताणून वर येतो. तोच डाव्या दोरास जोराचा हिसका बसला! मासा सुटला खरा, पण खूण देऊन गेला. मासे खाली होते. तांडेलांनी दोन्ही दोरांस जड शिसे बांधले, होडी आणखी मंद केली, आणि अर्ध्या तासात दोन सुरमया होडीत आल्या.

परतताना ते दूरच्या मोठ्या बोटींकडे पाहत राहिले. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यास केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली. दर वर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. एका गळास एकच मासा लागतो. बारीक जाळ्यात मात्र पिलेही जातात. पिले गेली तर पुढच्या पिढीने दोर कोणत्या खोलीवर सोडावा?

किनाऱ्यावर आम्ही त्या वाया गेलेल्या तासाच्या डिझेलचे पैसे पुढे केले. त्यांनी ते हसून घेतले, आणि त्याने आम्हांस बरेच वाटले.

घरी आल्यावर एक जुनीच गोष्ट नव्याने उमगली. शेततळ्यात लोक तीन जातींचे मासे एकत्र सोडतात. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागी चरतो, रोहू मधल्या थरात आणि खाली वळलेल्या तोंडाचा मृगळ तळाशी. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अशा माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पुढे त्याच मार्गाने बीज गावोगाव मिळू लागले. एकाच पाण्यात तिघे नांदतात, कारण प्रत्येकाची खोली वेगळी. वाचकहो, तळ्याकाठून जाताना क्षणभर थांबून पाहा. वरून दिसते ते पाणी एकच, पण आत घरे तीन आहेत.