बयाण्याआधी वकील

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025
इटलीच्या रॅपिअर मागांचा सौदा जवळजवळ ठरला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेल आजवर जुन्या मागांवरच निघत आले. नवे माग बसवून द्यायला पुरवठादाराचा तंत्रज्ञ येणार. त्याच्या व्हिसासाठी एका एजंटाला फोन लावला, तर म्हणाला, "टुरिस्टवर आणा, कोण विचारतंय?" आमच्या वडीलधाऱ्या अण्णांनी फोन ठेवायला लावला. बरं केलं.

बुधवार, 5 नोव्हेंबर
जागेची आणि कामगारांची कामं बघणाऱ्या आमच्या वकीलसाहेबांकडे गेलो. "हे माझं काम नाही, पुण्यात बघा," म्हणाले. 'करून देतो' म्हटले असते, तर आम्ही डोळे झाकून कागद दिले असते. त्यांच्याबद्दलचा आदर आज आणखी वाढला.

शनिवार, 8 नोव्हेंबर
व्हिसाची कामं बघणाऱ्या पुण्याच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न व्हिसाचा विचारलाच नाही. "खरेदीच्या करारावर सही झाली का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मसुदा मागवून ओळ न् ओळ वाचली. यंत्राच्या पुरवठ्याच्या करारानुसार ते बसवायला आणि चालू करून द्यायला येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञाला तेव्हाच्या, नोव्हेंबर 2025 च्या नियमांनुसार एम्प्लॉयमेंट व्हिसा लागत होता. आमच्या मसुद्यात 'आवश्यक ते साहाय्य' एवढंच होतं. कोण येणार, किती दिवस, पगार कोण देणार, सगळं मोघम. त्या व्हिसाला वर्षाला 16 लाख 25 हजारांची पगाराची अट होती. तंत्रज्ञाचा पगार त्याहून जास्तच असेल, पण तो कागदावर दिसायला हवा. अर्ज त्याने तिकडे, मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे करायचा. इथली पत्रं आणि कंपनीची कागदपत्रं आम्ही पुरवायची. टुरिस्ट म्हणून आणून इथे व्हिसा बदलून घेता येत नाही.

शिवाय 1 सप्टेंबरपासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आहे. 1946 चा जुना कायदा गेला. व्हिसाची अट मोडली तर 3 वर्षांपर्यंत कैद, 3 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या शब्दावर हजारो मैलांवरून येणाऱ्या कारागिराला आमच्या काटकसरीपायी पोलिसांपुढे उभं करायचं? मला हे अजिबात मान्य नाही.

बुधवार, 12 नोव्हेंबर
वकीलबाईंची फी टप्प्याटप्प्याने, लेखी ठरली. बार कौन्सिलची सनद पाहून घेतली. "व्हिसा मिळेलच असं मी लिहून देणार नाही, तो निर्णय दूतावासाचा," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आणि त्या वकील कंपनीच्या. तंत्रज्ञाला वेगळा सल्ला हवा असेल तर त्याने स्वतःचा वकील करावा, हेही. मला हा स्पष्टपणा फार मोलाचा वाटतो.

मंगळवार, 18 नोव्हेंबर
तंत्रज्ञाला कारखान्याच्या गेस्ट हाउसवर ठेवलं, तर 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद आम्ही करायची. व्हिसा 180 दिवसांहून मोठा असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून त्याची वेगळी नोंदणीही. हे काम ऑफिसातल्या एकाच माणसावर सोपवलं. शहराच्या पूर्वभागातली दोन हुशार पोरं तंत्रज्ञाच्या हाताखाली शिकायला लावायची, असं कारखान्याच्या मास्तरांनी सुचवलं. लगेच होकार दिला.

शुक्रवार, 21 नोव्हेंबर
सुधारलेला करार इटलीला गेला. सही होऊन आला की मगच बयाणा. बाहेरून माग आणायच्या विचारात असलेल्या एमआयडीसीतल्या सगळ्या कारखानदारांना माझी विनंती आहे: पैसे पाठवण्याआधी वकिलाला करार दाखवा.