तिसऱ्या बेसवरचा ब्रुक्स

बाल्टिमोर

प्रिय सई,


'मी जोरात पळत नाही, मग मला संघात कोण घेणार?' हे तुझ्या पत्रात वाचलं आणि तुला ब्रुक्स रॉबिन्सनबद्दल लिहायचंच ठरवलं. धावायला तो संथ, फेकही काही तोफेसारखी नव्हती. तरी इथल्या ओरिओल्स या बेसबॉल संघाकडून तो १९५५ ते १९७७ असे २३ हंगाम खेळला. १९६० पासून सलग १६ वर्षं अमेरिकन लीगमध्ये त्याच्या जागेवरच्या, म्हणजे तिसऱ्या बेसवरच्या, उत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' दुसऱ्या कुणाला मिळालाच नाही.

बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसवर चेंडू डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगावर येतो. नुसता अडवून भागत नाही. फलंदाज पोचायच्या आत तो तिरका, सव्वाशे फुटांहून लांब, पहिल्या बेसवर फेकायचा असतो.

१९७० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला सामना सिनसिनाटीत होता. सुरुवातीलाच ब्रुक्सची एक फेक चुकली. दुसरा कुणी असता तर दिवसभर बिचकत खेळला असता. सहाव्या डावात सिनसिनाटीच्या ली मेनं चेंडू रेषेलगत सणसणीत मारला. ब्रुक्सनं बेसच्या मागे जाऊन ग्लव्ह उलटा वळवून तो पकडला. त्या झोकात तो रेषेबाहेर गेला आणि तिथूनच गर्रकन वळून त्यानं फेक केली. चेंडू एक टप्पा खाऊन पहिल्या बेसवरच्या बूग पॉवेलच्या ग्लव्हमध्ये, आणि मे बाद! पुढच्याच डावात ब्रुक्सनं होमरन मारला आणि सामना ४-३ असा खिशात घातला. ती मालिका त्याचीच झाली.

लोक त्या फेकीचं कौतुक करतात. मला मात्र त्याच्या पायांचं कौतुक आहे. चेंडू बॅटला लागताक्षणी त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असे. शिवाय तो जेवायचा, लिहायचा डाव्या हातानं, फेकायचा उजव्यानं. म्हणजे ग्लव्ह त्याच्या मूळच्या, डाव्या हातात!

शेवटी बॅट चालेना, तेव्हा १९७६ मध्ये त्याची जागा तरुण डग डिसिन्सेसकडे गेली. पुढच्या वर्षी ब्रुक्सच्या गौरवाच्या दिवशी याच डिसिन्सेसनं तिसरा बेस जमिनीतून उपटून त्याच्या हाती दिला. २०२३ मध्ये ब्रुक्स गेला, तेव्हा इथे घरातलं माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

ली मेच्या त्या चेंडूचं चित्रण शोधून बघ. चेंडूकडे नको, ब्रुक्सच्या पायांकडे बघ, आणि काय दिसलं ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा