कोरड्या मनगटावर पाणबुड्याचं घड्याळ

मंडळी, घड्याळ घेतलं. ज्यांना फोनवरून आधीच बातमी लागली आहे (आमच्या घरात बातमीला व्हॉट्सॅपही लागत नाही, नणंद पुरते) त्यांनी किंमतही ऐकली असेल. तीन-सव्वातीन लाख. वर मुंबईला उतरल्यावर लाल मार्गिकेत उभं राहून रीतसर भरलेला कर वेगळा. त्या काउंटरवरच्या साहेबांनी पावती पाहिली, मग मला पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे साहेबांचं ना?" नाही हो, माझंच.

"एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या," हे वाक्य मी आतापर्यंत चार जणींकडून ऐकलं. खरंच झाल्या असत्या, निदान बारीकशा. आणि त्या अडीनडीला मोडता आल्या असत्या. घड्याळ ही गुंतवणूक आहे वगैरे जे सांगतात त्यांच्या वाटेला मी जात नाही. काही ठराविक मॉडेलं सोडली तर घड्याळ दुकानाबाहेर पडलं की त्याची किंमत उतरते. त्यामुळे पाटल्यांशी सामना नाहीच. तिथे मी हरले!

पण पाणबुड्यांचं घड्याळ का, आणि तेही आता का, हे सांगायला हवं. कारण दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी मला खोल पाण्यात जायला बंदी केली आहे.

तारकर्लीला मी स्कूबाचा कोर्स केला तो २०१९ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. बॅचमध्ये बाकी सगळी विशीतली पोरं. पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. मालवणच्या समुद्रात त्याहून वरच बरंच काही भेटतं. पाणी अंदमानसारखं निळंशार नाही, थोडं गढूळच, पण त्या हिरवट धुक्यातून एकदम समोर माशांचा थवा येतो तेव्हा काय होतं ते मला लिहिता येत नाही. पुढची दोन-अडीच वर्षं (मधला करोनाचा काळ वगळून) जमेल तेव्हा गेले. आमच्या शिकवणाऱ्या दादाच्या एका मनगटावर डाइव्ह कम्प्युटर असायचा आणि दुसऱ्यावर एक काच ओरखडलेलं, रंग उडालेलं सीको. मी एकदा विचारलं, एवढा कम्प्युटर असताना हे कशाला? तर म्हणाला, "काकी, तो बंद पडलो तर ह्यां आसा मा!"

ते घड्याळ डोक्यात बसलं ते तिथे.

मग २०२२ मध्ये डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. कानातलं सगळ्यात आतलं, रिकिबीच्या आकाराचं हाड असतं ना, शरीरातलं सगळ्यात छोटं, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचं, ते माझं घट्ट होत चाललं होतं. त्याच्या जागी एक इवलासा पिस्टन बसवला. ऐकू छान यायला लागलं. पण डॉक्टर म्हणाले, आता पाण्याच्या दाबाशी खेळ नको. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. माझा पिस्टन तो झेलेल की नाही हे बघायला जाण्याचं काही कारण नव्हतं. पोहायला हरकत नाही, पण खाली जाणं बंद.

सहा महिने मी समुद्राचा विषयही काढला नाही. घरच्यांनीही काढला नाही. मुलीने तर तिचे पाण्याखालचे फोटो मला दिसू नयेत म्हणून काहीतरी सेटिंग करून ठेवलं होतं, ते मला फार नंतर कळलं.

आणि मग पुन्हा घड्याळांची पानं उघडायला लागले. आधी, म्हणजे पाण्यात जात होते तेव्हा, माझा हिशेब सोपा होता. दादासारखं सीको घ्यायचं, पंधरा-वीस हजारांत काम होतं. दोनशे मीटरची हमी, आत काय लिहिलंय ते अंधारात दिसतं, संपलं. आता मात्र काम असं काही उरलंच नव्हतं. मोबाईल वेळ दाखवतो, ओव्हन वेळ दाखवतो, समोरच्या शाळेची घंटासुद्धा दाखवते. उपयोगाचा मुद्दा निघून गेल्यावर फक्त एकच प्रश्न राहिला, आणि तो अवघड निघाला. मला नक्की काय आवडतं? साड्या घेतानासुद्धा मी "हा रंग चालून जाईल" म्हणून घेते. चालून जाणं आणि आवडणं यातला फरक करायची सवयच नव्हती.

बायकांच्या घड्याळांशी माझं आधीपासून जमत नाही. दहावीनंतर मला एचएमटीचं 'सुजाता' मिळालं होतं. वडिलांनी दुकानातून आणलं तेव्हा घरात केवढा आनंद! (एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळूरला सुरू झाला. आपल्या पिढीतल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी होतंच. २०१६ मध्ये सरकारने कंपनी गुंडाळायचा निर्णय घेतला तेव्हा मी ते 'सुजाता' कपाटातून काढून चावी दिली होती. चाललं!) पण त्याची तबकडी चार आण्याच्या नाण्याएवढी. परीक्षेत वेळ बघायला मनगट नाकापाशी न्यावं लागायचं. बायकांनी वेळ बघायची नसते, घड्याळ घातलेलं दिसायचं असतं, असाच कोणाचा तरी समज असावा. तो अजूनही आहे. मुंबईत एका मोठ्या दुकानात मी पाणबुड्यांची घड्याळं दाखवा म्हटलं तर तिथल्या मुलीने गोड हसून मला हिरेजडित कप्प्याकडे नेलं, आणि नवऱ्याला मात्र चहा विचारून पाणबुड्यांचा ट्रे दाखवला. तो बिचारा दहा मिनिटं वेगवेगळी घड्याळं घालून बघत होता आणि खूश होता. त्याला तेव्हापासून ओमेगाचं सीमास्टर हवंय. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये पिअर्स ब्रॉस्ननच्या हातात ते पाहिल्यापासून हवंय, असं तो आता म्हणतो. तेव्हा तर आमच्याकडे टीव्हीचे हप्ते चालू होते.

सीमास्टर मीही घालून पाहिलं. सुंदर आहे, वाद नाही. तबकडीवर लाटा कोरलेल्या, आणि दहाच्या आकड्याशेजारी एक जास्तीची चावी. ती हेलियम बाहेर सोडायची झडप. जे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाच्या बंद खोलीत राहून हेलियम मिसळलेली हवा घेतात, त्यांच्या घड्याळात तो वायू शिरतो आणि वर येताना काच उडू शकते, म्हणून ही सोय. आपल्यापैकी कोणाला ती आयुष्यात लागणार नाही. पण माझी अडचण ती नव्हती. ४२ मिलिमीटरचं ते घड्याळ माझ्या पंधरा सेंटिमीटरच्या मनगटावर ताटलीसारखं दिसत होतं. पट्टा जिथे अडकतो ती टोकं हाताच्या बाहेर!

इथे एक उपयोगी गोष्ट सांगते. घड्याळाचा व्यास सगळे बघतात, पण बसतं की नाही हे ठरतं ते या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. ती मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त असेल तर कितीही लाडकं घड्याळ असो, ते हातावर बसणार नाही, हातावर ठेवलेलं दिसेल. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून मापाचे तुकडे कापले आणि रबरबँडने बांधून घरभर फिरले. नवऱ्याने फोटो काढून मुलीला पाठवला. असो.

दुसरी कसोटी मला आपोआप सापडली. एका फार मोठ्या नावाचं घड्याळ, ज्याचं नाव आमच्या दूधवाल्यालाही माहीत असेल, ते मी हातात धरलं आणि छातीत जरा धडधडलं. घरी येताना गाडीत मी स्वतःला विचारलं, समजा यावरचं नाव पुसलं, आणि हे कोणालाच ओळखता येणार नाही, तर? धडधड थांबली. मग ते घड्याळ मला नको होतं, ते पाहून बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे होईल ते हवं होतं.

मधल्या काळात इतिहासही वाचून झाला. १९५० च्या सुमारास ब्लाँपाँ कंपनीचा प्रमुख झालेला झाँ-जाक फिश्टर स्वतः पाण्यात उतरणारा माणूस होता. एकदा खाली असताना वेळेचं भान सुटलं आणि त्याची हवा संपली. तो वाचला, आणि वर येऊन त्याने घड्याळ करायला घेतलं. तिकडे फ्रेंच नौदलाच्या नव्या पाणबुड्या तुकडीचे बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोघे असंच काही शोधत होते. त्यातून १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' आलं. फॅदम म्हणजे आपल्याकडे कोळी लोक म्हणतात ती वाव, दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. तेव्हा 'पन्नास वाव' म्हणायला हरकत नाही. रोलेक्सचं सबमरीनरही त्याच वर्षीचं.

या सगळ्यांचा जीव असतो तो काचेभोवतीच्या फिरत्या कड्यात. उडी मारताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा. मग काटा कड्यावर जो आकडा दाखवेल तेवढी मिनिटं तुम्ही पाण्याखाली. फिश्टरने ते कडं दाबल्याशिवाय फिरणार नाही असं केलं होतं. पुढे बहुतेकांनी एकाच, उलट्या दिशेला फिरणारं कडं पसंत केलं. त्यातली गंमत बघा. खडकाला घासून ते चुकून सरकलंच, तर खाली घालवलेली वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसते, कमी कधीच दिसत नाही. म्हणजे घड्याळ बिघडलं तरी तुम्हाला लवकर वर पाठवणार. हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो "बरं" म्हणून कुशीवर वळला.

तर, घेतलं ते ट्युडरचं 'ब्लॅक बे फिफ्टी-फोर'. २०२३ मध्ये आलेलं, १९५४ च्या त्यांच्या पहिल्या पाणबुड्या घड्याळावर बेतलेलं. मुलीकडे सिंगापूरला गेले होते तेव्हा दुकानात घालून पाहिलं. ३७ मिलिमीटर, टोकापासून टोकापर्यंत ४६. काळी तबकडी, सोनेरी खुणा, तारीख नाही. कड्यावर मिनिटांच्या बारीक रेघासुद्धा नाहीत, पाच-पाच मिनिटांच्या खुणा तेवढ्या. खोली २०० मीटरची. आणि ते बसलं. माझ्या हातावर पुरुषी नाही, बायकी नाही, नुसतं घड्याळ. दुकानातल्या माणसाने आरसा पुढे केला, पण मी आरशात बघितलंच नाही, मी सरळ मनगटाकडे बघत होते. मुलगी म्हणाली, "आई, तू तीन मिनिटं काही बोलली नाहीयेस." आमच्या घरात हे मोजण्यासारखंच आहे.

तरीही त्या दिवशी नाही घेतलं. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी, नऊ दिवसांनी, पुन्हा गेले. तोवर ते अंगावर नसताना मनगटाकडे चार वेळा बघून झालं होतं.

नणंदेने विचारलं, "ट्युडर म्हणजे कोण? आठ राण्या करणारा तो राजा?" (सहा, वन्सं. आठवा होता तो!) रोलेक्स उभी करणाऱ्या हान्स विल्सडॉर्फचंच हे दुसरं घराणं, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग थोडे अजून घालून पहिलंच घ्यायचंस. हे बाहेरून कोणाला कळणार?" तिला उत्तर दिलं नाही. वर गाडीतली गोष्ट लिहिलीच आहे.

हे दिवसाला दोन-चार सेकंद इकडेतिकडे होतं. रस्त्यावरचं तीनशेचं घड्याळ याहून बिनचूक चालतं. काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च येईल तो वेगळाच. हे सगळं मला माहीत आहे. रात्री तीनला जाग येते (वय!) तेव्हा उशाशी हिरवट ठिपक्यांचं एक वर्तुळ तेवत असतं. आपण त्याला अजून रेडियमच म्हणतो, पण रेडियम कधीच गेलं, आता जो लेप असतो तो किरणोत्सारी नाही, दिवसाचा उजेड साठवून रात्री परत देतो. चष्मा न लावता वेळ कळते. कड्यावर कुकर लावते, इडल्या लावते. कानात थेंब घालून दहा मिनिटं कुशीवर पडायचं असतं, तेही.

गेल्या महिन्यात मुलगी आली होती तेव्हा आम्ही मालवणला गेलो. मी होडीतच बसणार होते, हे आधीच ठरलं होतं. दादाने तिची टाकी तपासली, ती काठावर बसली, मुखवट्यावर हात धरून पाठमोरी पाण्यात गेली. मी कडं फिरवलं, टकटक करत त्रिकोण काट्यावर आणला. होडीवाल्याने चहा दिला. बाराव्या मिनिटाला बुडबुडे डावीकडे होते, पंचविसाव्या मिनिटाला पार खडकामागे. अडतीसाव्या मिनिटाला तिचं डोकं वर आलं आणि तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघून ओरडून विचारलं, "किती?"

"अडतीस!"

"कम्प्युटर सदतीस म्हणतोय!"

मी म्हटलं, मी तू बुडल्यापासून मोजलं, त्याने खाली गेल्यापासून मोजलं असेल. दादा पाण्यातूनच हसला.