हिरकणी आणि धाराऊ

वकिलास दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय असते, असा लोकांचा समज आहे. वस्तुतः ही सवय कचेरीची पायरी उतरताच सुटते, आणि घराचा उंबरठा ओलांडताना आम्ही वकील मंडळी बहुधा न्यायाधीश होऊनच आत शिरतो. आमच्या हातून घडलेल्या अशाच एका निवाड्याची ही हकीकत आहे. आरोपी होती आमची पत्नी, आणि मुद्देमाल होता दुधाच्या भुकटीचा एक डबा.

आठ वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात बडोद्यास आमच्या घरी कन्या जन्मास आली. दिवस पुरे भरण्याआधीच आली. त्यामुळे पहिले दहा दिवस मायलेकींना निरनिराळ्या खोल्यांत काढावे लागले. पुढे पोर घरी आली ती नीट ओढीना, आणि ती ओढीना म्हणून दूध उतरेना. थोरल्या काकूंनी अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू वळले, शतावरी दिली. वजनाचा काटा मात्र जागचा हलेना. अखेर डॉक्टरीणबाईंनी वरच्या दुधाची चिठ्ठी लिहून दिली. आम्ही डबा आणला. पत्नीने तो स्वयंपाकघरात न ठेवता कपाटात, साड्यांच्या घड्यांमागे ठेवला. कारण भेटीस येणाऱ्या बायका बाळाचे नाव विचारण्याआधी 'अंगावरचं पाजतेस ना?' हेच विचारीत.

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान-सप्ताह म्हणून पाळतात. त्या निमित्ताने एका महिला मंडळात आमचे व्याख्यान ठरले होते. विषय कायद्याचा, तेव्हा आम्ही मोठ्या उमेदीने बोललो. आईच्या दुधातून बाळास रोगप्रतिकाराची शक्ती मिळते. पहिले पिवळसर चीकदूध तर अमूल्य, आणि तेच आपल्याकडे कित्येक घरांतून अशुद्ध मानून टाकून देत. उलट, जेथे पाणी गढूळ आणि पैसा अपुरा, तेथे डबा महिनाभर पुरावा म्हणून भुकटी पातळ कालवली जाई, आणि गरिबांची मुले हगवणीने दगावत. १९७४ साली इंग्लंडात या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका निघाली. तिचे जर्मन भाषांतर अधिक जहाल मथळ्याने छापणाऱ्या स्विस तरुणांवर नेस्ले कंपनीने बर्नच्या न्यायालयात अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९७६ साली निकाल लागला. मथळ्यापुरता तरुणांना किरकोळ दंड झाला. परंतु कंपनीनेही आपल्या विक्रीच्या पद्धतीचा फेरविचार करावा, असे न्यायाधीशांनी सुनावले. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने ११८ विरुद्ध १ मताने या विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली. विरोधाचे ते एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदाच केला. डब्याची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र बंद. आणि आईचे दूधच बाळास सर्वोत्तम, अशी सूचना डब्यावर ठळक छापणे सक्तीचे. टाळ्या पुष्कळ पडल्या.

त्याच रात्री दोनच्या सुमारास पत्नी बाटली उकळत उभी होती. व्याख्यानाची धुंदी अद्याप उतरली नव्हती. आम्ही म्हणालो, "अगं, आणखी थोडा प्रयत्न करून पाहिलास तर? कायद्यानंसुद्धा..."

तिने आम्हांस वाक्य पुरे करू दिले नाही. डबा आमच्यापुढे धरून ती म्हणाली, "यावर लिहिलेलं मी दिवसातून सात वेळा वाचते. अहो, तुम्ही कायदा शिकला आहात ना? मग सांगा, तुमच्या त्या कायद्यात शिक्षा कोणाला आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. शिक्षा आहे ती डबा बनवणारास, विकणारास, त्याची भलावण करणारास. आईने काही गुन्हा केला, असे त्या कायद्यात एका अक्षराने म्हटलेले नाही. व्यापाऱ्यावर उगारलेला दंडुका आपण, आणि आम्हीही, घरातल्या बाळंतिणीच्या पाठीत घालीत होतो.

मग आम्हांस धाराऊ आठवली. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती क्षीण, अंगावरचे दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ त्यांची दूध-आई झाली. राणीस दूध पुरले नाही म्हणून कोणी बोल लावल्याचे आमच्या वाचनात नाही. आज बाळंतिणीच्या शेजारी धाराऊ नसते. तिच्या जागी बहुधा डबाच उभा असतो.

आणि हिरकणीही आठवली. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या त्या गवळणीचे नाव महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवरच्या स्तनपान-कक्षांस दिले आहे, हे उचितच झाले. पण आख्यायिकेत एक गोष्ट आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. ती बाई गडावर दूध विकायला आली होती आणि तिचे तान्हे घरी उपाशी होते. सूर्यास्तानंतर दरवाजा उघडायचा नाही हा नियम, म्हणून तिला कड्यावरून उतरावे लागले. तिच्या गौरवार्थ बुरूज बांधला गेला. दरवाजाचा नियम बदलला की नाही, हे आख्यायिका सांगत नाही.

आपणही अद्याप बुरूजच बांधीत आहोत. १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नोकरदार आईस पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. पण घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाईस ही रजा कोण देणार? आमच्या परिचयाच्या एक तरुण वकीलबाई दोन पुकाऱ्यांच्या मधल्या वेळात मोटारीच्या काचांना ओढण्या लावून तान्ह्यास पाजीत. आईचे दूध सर्वोत्तम खरेच. मात्र ते तिला स्वस्थपणे पाजता येईल अशी जागा, वेळ आणि विसावा देणे हे इतरांचे काम आहे. ते केल्यावाचून तिला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

त्या रात्री डबा साड्यांमागून निघाला आणि स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या शेजारी बसला. पुढे थोडे अंगावरचे, थोडे वरचे असे करीत पोर वाढली. रात्री दोनची बाटली उकळून पाजण्याचे काम मात्र दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे आले. त्या निकालावर आम्ही अपील केले नाही.